‘मी पडले’ : ‘राजी’ या हातातल्या खेळाचा एक अभ्यास

साहित्यशास्त्राच्या तासाला साधारणीकरणाचा विषय निघाला की दरवर्षी मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, नाटकातल्या माणसाचे दुःख आपले कसे काय होते?’ मी भट्टनायकाचे मत सांगतो, अभिनवगुप्ताने त्यात काय भर घातली ते सांगतो, फळ्यावर एक-दोन बाण काढतो, आणि तेवढ्यात घंटा होते. हे उत्तर मी इतकी वर्षे देत आलो. पण खरे सांगावयाचे तर ते पाठ केलेले उत्तर होते. ते प्रथम माझ्या अंगाला लागले ते नाटक पाहताना नव्हे, कादंबरी वाचतानाही नव्हे. हातात धरून खेळावयाच्या एका लहानशा यंत्रावर ‘राजी’ नावाचा खेळ खेळताना. त्या अनुभवाची नोंद करावी आणि जमल्यास शास्त्रातील एका जुन्या प्रश्नाकडे त्या निमित्ताने पुन्हा पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्राध्यापकाने महाविद्यालयाच्या वार्षिकांकात व्हिडिओ गेमवर लिहावे हे काही वाचकांना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. पूर्वी मलाही रुचले नसते. माझा या क्षेत्रातील पूर्वानुभव म्हणजे माळेगावच्या जत्रेत मिळालेला ‘ब्रिक गेम’. नव्वदच्या दशकात आमच्याकडील पोरांना खंडोबाच्या दर्शनापेक्षा जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानांची ओढ अधिक असे. त्या यंत्राच्या राखी पडद्यावर काळे चौकोन वरून पडत, ते खाली नीट बसवावयाचे, ओळ भरली की ती नाहीशी होई. अलेक्सेई पाजित्नोव या रशियन गृहस्थांनी ऐंशीच्या दशकात मॉस्कोत रचलेल्या ‘टेट्रिस’ची ती नक्कल, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या खेळात माणूस कोणी नव्हता. चौकोन पडत आणि चौकोनच हरत. वाईट वाटावयाचे ते कोणासाठी? तो खेळ मला ताईने घेऊन दिला होता. कापूस वेचणीच्या मजुरीतून दिला होता, हेही येथे नोंदवून ठेवतो. त्याचे कारण पुढे येईल.

आता थोडे संज्ञांविषयी. ज्या खेळप्रकाराला ‘अॅक्शन रोल-प्लेइंग’ म्हणतात त्यात दोन गोष्टी एकत्र आलेल्या असतात. एक, हाताची चपळाई : वार करणे, वार चुकविणे, उडी मारणे, आणि हे सारे त्या क्षणी करणे. दुसरी, भूमिका : खेळणाऱ्याने एका पात्राचे रूप घ्यावयाचे, आणि ते पात्र कृतीतून वाढत जावयाचे. त्याला शस्त्र मिळते, शक्ती मिळते, आणि कोणती शक्ती वाढवावी हे खेळणाराच ठरवितो. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘गेम बॉय’ १९८९ मध्ये आला, त्यावर १९९१ मध्ये ‘फायनल फँटसी अॅडव्हेंचर’ आला, १९९३ मध्ये ‘लिंक्स अवेकनिंग’ आला. आणि हातात मावणाऱ्या यंत्रावर एक अख्खी कथा जगून पाहता येते, हे जगातील पोरांना तेव्हाच कळून चुकले. आम्ही त्या काळी चौकोन बसवीत होतो. काटेकोर जाणकार ‘राजी’ला पूर्ण भूमिका-खेळ मानीत नाहीत, ‘अॅक्शन-अॅडव्हेंचर’ म्हणतात, आणि ते योग्यच आहे; शक्ती वाढविण्याचा भाग त्यात आहे, पण बेताचा आहे. तरीही भूमिका या शब्दाचा जो मूळ नाटकातला अर्थ, त्या अर्थाने याहून अधिक भूमिका-खेळ मी दुसरा पाहिलेला नाही.

हा खेळ आपल्या महाराष्ट्रातला आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने तो केला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड ही तिची संस्थापक मंडळी. २०१७ मध्ये त्यांनी ‘किकस्टार्टर’वर लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो फसला, तरीही काम चालू राहिले, आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी ‘निन्टेन्डो स्विच’ या हातात धरून खेळता येणाऱ्या यंत्रावर खेळ प्रसिद्ध झाला. ऑक्टोबरमध्ये तो संगणकावर व इतर यंत्रांवर आला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पुरस्कारांत पदार्पणातील उत्कृष्ट खेळाच्या विभागात त्याचे नामांकन झाले. संगीत ग्रीसच्या लिनोस त्झेलोस यांचे आहे, आणि ते सांगितले नसते तर मला कळलेही नसते.

२०२० चे ते वर्ष कोणी विसरणार नाही. महाविद्यालय बंद, वर्ग मोबाईलवर, आणि पुण्यात संगणकशास्त्र शिकणारी माझी भाची गावी परतलेली. दिवाळीला ताई आणि ती हदगावला माझ्याकडे राहावयास आल्या. भाचीने वसतिगृहातील मैत्रिणीकडून जुने ‘स्विच’ यंत्र विकत घेतले होते. लक्ष्मीपूजनानंतरच्या एका रात्री तिने ते माझ्या हातात दिले आणि म्हणाली, “मामा, तुम्ही वर्गात गोष्टी शिकवता ना? ही एक गोष्ट हातानं वाचून बघा.”

गोष्ट थोडक्यात अशी. देव आणि असुर यांच्या महायुद्धाला हजार वर्षे होऊन गेली आहेत. माणसे ते विसरून सुखाने नांदत आहेत. राखीचा सण आहे, जत्रा भरली आहे, राजी नावाची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू जत्रेत खेळ करून दाखविणारे आहेत. अशात असुर चाल करून येतात आणि मुलांना पळवून नेतात. महाबलासुर हा त्यांचा अधिपती. गोलू गेला, राजी उरली. दुर्गा तिची निवड करते, तिला त्रिशूळ मिळतो. पुढे विष्णूकडून धनुष्य मिळते. आणि ही पोर भावाच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू वरून सारे पाहत असतात आणि आपसांत बोलत असतात, तेच आपले निवेदक. कथेचे महत्त्वाचे भाग सावल्यांच्या बाहुल्यांतून दाखविले आहेत. ते पाहताना सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. इमारती राजस्थानी वळणाच्या, रंग पहाडी चित्रशैलीचे, आणि अधूनमधून बाली बेटावरील हिंदू परंपरेचाही ठसा. भिंतींवर पुराणकथांची चित्रे आहेत. राजी त्यांच्यापुढे उभी राहिली की ती कथा ऐकू येते. खेळात हिरण्य नगरी नावाचा भव्य किल्ला आहे. ते नाव ऐकताच मला हसू आले. हिरण्यकशिपूची राणी कयाधू, आणि आमच्या हदगावची नदीही कयाधूच. पुण्याच्या मंडळींना हा योगायोग ठाऊक असण्याचे कारण नाही.

येथवर ही कोणत्याही लोककथेसारखी कथा आहे. राक्षसाने पळविले, कोणीतरी शोधावयास निघाले, देवाने साहाय्य केले. फरक एवढाच की आपल्या बहुतेक कथांत निघतो तो भाऊ, नाहीतर राजपुत्र. राखीच्या दिवशी तर संकेतच ठरलेला : बहिणीने धागा बांधावा, भावाने रक्षणाचे वचन द्यावे. येथे धागा बांधणारीच रक्षणाला निघते. ही उलटापालट मी ऐकली असती तर ‘छान कल्पना आहे’ म्हणून सोडून दिली असती. कल्पना सांगणे निराळे आणि ती अंगठ्यांना करावयास लावणे निराळे.

राजीच्या हालचालींविषयी विस्ताराने लिहावयास हवे, कारण या खेळाचा जीव तेथे आहे. ती योद्धा नाही. ती कसरत करणारी पोर आहे. म्हणून ती भिंतीवर धावत चढते आणि तेथून झेपावून वार करते. खांबाला धरून गरकन फिरते आणि त्या फेऱ्यात भोवतीच्या असुरांना झोडपते. कोलांटी मारून वार चुकविते. माझ्या लहानपणी सुगीनंतर गावात डोंबारी येत. चौकात दोन्हीकडे बांबू रोवून दोर ताणलेला, खाली ढोलके वाजते आहे, आणि हातात आडवी काठी घेऊन नऊ-दहा वर्षांची एक मुलगी दोरावर चालते आहे. आम्ही खालून पाहत असू. तिच्या अंगातली ती विद्या आम्हाला ज्वारीच्या पायलीएवढ्या मोलाची वाटे. या खेळाच्या रचनाकारांनी काय केले, तर तीच विद्या हे एकमेव शस्त्रबळ मानले. खेळ दाखविण्यासाठी आणि जीव वाचविण्यासाठी राजीपाशी दोन निराळी शरीरे नाहीत. जत्रेत पैसे टाकणाऱ्यांपुढे जी उडी, तीच उडी असुरापुढे. त्रिशूळ दुर्गेचा आहे, पण तो फिरविण्याची पद्धत दोरावरची आहे. पुढे वाटेत दडविलेले तेजोगोल सापडतात. ते वीज, हिम, अग्नी अशा शक्तींत वाटून द्यावयाचे असतात, आणि वाटणी चुकली असे वाटल्यास केव्हाही बदलता येते. मला ही सवड फार आवडली. आयुष्यात ती कोणाला मिळते?

मी वाईट खेळत होतो, हे वेगळे सांगावयास नको. डाव्या अंगठ्याने पळावयाचे आणि उजव्याने वार करावयाचा हे जमेपर्यंत एक रात्र गेली. सर्वांत जास्त वेळा मी कड्यावरून खोल दरीत गेलो. पहिल्या रात्री प्रत्येक वेळी मी म्हणे, ‘राजी पडली.’ दुसऱ्या रात्री केव्हातरी, माझ्या नकळत, मी म्हणालो, “अरे! मी पडलो.” भाची शेजारी उशीवर रेलून पाहत होती. ती म्हणाली, “मामा, पडलो नाही. ‘मी पडले’ म्हणा. तुम्ही राजी आहात ना?”

तिने हे थट्टेने म्हटले, पण मी यंत्र खाली ठेवले. मराठीचा शिक्षक असल्याने मला तेथे व्याकरण दिसले, आणि व्याकरणाच्या मागे आणखी काही.

इंग्रजीत ‘मी पडलो’ आणि ‘मी पडले’ यांत भेद नाही. खेळणारा पुरुष असो वा स्त्री, पात्र पुरुष असो वा स्त्री, वाक्य एकच. मराठीत लपावयास जागा नाही. परंतु गंमत अशी की तीही सर्वत्र नाही. ‘मी असुर मारला’ हे वाक्य पाहा. येथे क्रियापद कर्माप्रमाणे चालते, कर्त्याप्रमाणे नव्हे. हा कर्मणी प्रयोग. मारणारा पुरुष की स्त्री हे वाक्य सांगत नाही. ‘मी बाण सोडला’, ‘मी दार उघडले’, ‘मी शक्ती मिळविली’ : पराक्रमाची ही सारी वाक्ये मी आदल्या रात्री बिनधास्त बोलत होतो, आणि कोठेही अडलो नव्हतो. अडलो ते अकर्मक क्रियापदाशी. पडणे, थकणे, घाबरणे, उठणे, पुन्हा निघणे. येथे कर्तरी प्रयोग येतो आणि बोलणाऱ्याला आपले लिंग उघड करावे लागते. मारताना मराठी भाषा तुम्हाला विचारीत नाही की तुम्ही कोण, पडताना विचारते. मी राजीचा पराक्रम विनासायास आपला केला होता. तिचे पडणे आपले करावयाचे म्हटले, तेव्हा माझी जीभ अडखळली.

आता शास्त्राकडे वळू. भरताच्या रससूत्राचा अर्थ लावताना शंकुकाने चित्रातील घोड्याचा दाखला दिला, तो विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो. ते ज्ञान खरे नव्हे, खोटे नव्हे, संशयाचे नव्हे, केवळ साम्याचेही नव्हे. नटाला ‘हा राम’ म्हणणे तसेच. दाखला अतिशय मार्मिक आहे. पण चित्रातल्या घोड्यावर कोणी बसत नाही. येथे मी बसलो होतो. लगाम माझ्या अंगठ्याखाली होता, आणि घोडा दरीत गेला तर तो माझ्यामुळे. म्हणजे पाहणारा मी आणि करणारा मीच. भरतापुढे नट आणि प्रेक्षक ही दोन माणसे होती. रस कोणात, यावर सारा वाद झाला. लोल्लट तो रामादी मूळ व्यक्तीत मानतो, भट्टनायक आणि अभिनवगुप्त प्रेक्षकाकडे येतात. हातातल्या खेळात नट आणि प्रेक्षक एकाच चटईवर, एकाच अंगात बसलेले असतात. या अवस्थेची शास्त्रात सोय नाही.

मग साधारणीकरण होते कसे? भट्टनायक सांगतो की काव्याच्या सामर्थ्याने व्यक्तीचे विशेष गळून पडतात. सीता ही रामाची पत्नी न राहता स्त्रीमात्र होते, आणि म्हणून प्रेक्षकाला तिच्या भावाचा आस्वाद शक्य होतो. माझा अनुभव थोडा उलटा आहे. लढाई चालू असताना मला रस वगैरे काही नव्हता. मी कामात होतो. सुतार रंधा मारताना लाकडाच्या सौंदर्याने गहिवरत नाही, तसेच. भाव आला तो मध्ये मध्ये, लढाई संपून राजी एखाद्या ओसाड चौकात एकटी उभी असे तेव्हा, किंवा पडल्यावर पडदा काळा होई त्या दोन क्षणांत. आणि तेव्हा विशेष गळून पडले नाहीत. एक विशेष उलट चिकटला : स्त्रीलिंगी प्रत्यय. मी पुरुषच राहून ‘माणूसमात्र’ झालो असतो तर ते सोपे होते. ‘पडले’ म्हणावयाचे तर मला माझी जागा सोडून दुसऱ्या एका विशिष्ट जागी जावे लागत होते.

हे मराठीला नवे नाही, हेही मान्य करावयास हवे. ज्ञानदेवांच्या विरहिणी पाहा; तेथे बोलणारी ‘मी’ स्त्री आहे. एकनाथांच्या भारुडांत कितीतरी स्त्रिया प्रथमपुरुषी बोलतात, आणि ती भारुडे सादर करणारा पुरुष डोक्यावर पदर घेऊन उभा राहतो. नामदेवांची नर्सी तर याच कयाधूच्या काठी, आमच्या वरच्या अंगाला. त्या परंपरेत पुरुषाने ‘गेले’, ‘आले’, ‘वेडावले’ म्हणणे हा अध्यात्माचा मार्ग होता. परंतु विरहिणीत स्त्री वाट पाहणारी आहे. राजी निघणारी आहे. पदर घेऊन रडण्याची भूमिका आपल्या पुरुषांनी पुष्कळ केली. पदर खोचून निघालेल्या बहिणीची भूमिका मी तरी पूर्वी केली नव्हती.

आता ताईविषयी. ती त्या रात्री आमच्या शेजारीच शेंगा फोडीत बसली होती. ताईने सातवीनंतर शाळा सोडली. आईचे दुखणे हे कारण सांगितले गेले आणि ते खोटे नव्हते. पण त्याच वर्षी मी पाचवीत गेलो होतो, आणि घरात एकाच्याच वह्यापुस्तकांपुरते पैसे होते, हेही खोटे नव्हते. पुढे ती तामशाकडच्या शिवारात दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचीत असे, आणि मी नांदेडच्या वसतिगृहात साहित्यशास्त्राच्या टिपणवह्या भरीत असे. दर राखीला ती मला ओवाळी. मी ताटात नोट टाकी. ती नोट तिनेच मागच्या महिन्यात मला पाठविलेली असण्याची शक्यता बरीच असे. रक्षणाचे वचन मात्र मी देत होतो.

ताईने बराच वेळ खेळ पाहिला आणि विचारले, “ही पोरगी जेवती कधी रे?”

भाची हसली. खरोखर, राजी जेवत नाही, झोपत नाही, पाणीसुद्धा पीत नाही. तिला तहान-भूक नाही. शोध तेवढा आहे. मी म्हणालो, “ताई, खेळ आहे तो.” ताई म्हणाली, “खेळ तर हायच.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “आन् ही येऊलाली म्हणून त्या लेकराला ठाव हाय का?”

मी ‘राजी’वर वाचलेल्या किंवा ऐकलेल्या कोणत्याही मतापेक्षा हे दोन प्रश्न मला अधिक मूलगामी वाटतात. गोलूला ठाऊक आहे का? खेळ ते सांगत नाही. आपण राजी होतो, गोलू कधीच होत नाही. आणि मी मात्र जन्मभर गोलूच होतो. माझ्यासाठी कोणी भिंती चढत होते, कड्यांवरून पडत होते, पुन्हा उठून निघत होते, आणि मला ते ठाऊक नव्हते. ठाऊक नव्हते म्हणणेही तितकेसे प्रामाणिक नाही, विचारले नव्हते. त्या रात्री मी प्रथमच तिला विचारले की शाळेत असताना तुला कोणता विषय आवडायचा. ती शेंगा फोडता फोडता म्हणाली, “गणित. मास्तर मला फळ्यावर बोलवायचे.” एवढे बोलून ती भाकरी टाकावयास आत गेली.

गुणांबरोबर दोषही सांगावयास हवेत, नाहीतर हा लेख अभ्यास न राहता आरती होईल. दूरवरून दिसणारी दृश्ये फार सुंदर आहेत, पण हातातल्या लहान पडद्यावर त्यात राजी मुंगीएवढी दिसते. उडी कोठे मारावयाची याचा अंदाज चुकतो आणि उगाच दरीत जावे लागते. माझ्या पडण्यातील निम्मी पडणी माझी, निम्मी या मांडणीची. उत्तरार्धात लढाया एकसुरी होतात : मोकळा चौक दिसला की असुर येणार, हे आधीच कळते. मी खेळलो त्या आवृत्तीत दुर्गा आणि विष्णू इंग्रजीत बोलतात. जगाच्या बाजारात उभे राहावयाचे तर ते अपरिहार्य असेल. तथापि अशा देखण्या भारतीय भिंतींमधून इंग्रजी ऐकताना, उत्तम पुरणपोळी काट्या-चमच्याने वाढावी तसे वाटत राहते. आणि शेवट. शेवट मी सांगणार नाही, पण तो अपुरा आहे, घाईचा आहे. पाच-सहा तासांचा खेळ, माझ्यासारख्याला चार रात्री लागल्या, आणि इतक्या कष्टांनंतर कथेने आपल्याला उंबरठ्यावर उभे करून ठेवावे हे मला पटले नाही. भाचीच्या मते हे पुढच्या भागासाठी आहे. असेल. पण पुढे भाग आहे म्हणून या भागाने आपले देणे चुकवू नये.

राजीला शोधापलीकडे आयुष्य नाही, हा दोष मी यादीत घालणार होतो. मग घातला नाही. ताईच्या पहिल्या प्रश्नात तो आला आहे, आणि माझ्यापेक्षा नेमका आला आहे.

यंत्र भाचीबरोबर पुण्याला गेले, त्याला आता काही वर्षे झाली. तासाला साधारणीकरण आले की मी अजूनही भट्टनायकापासूनच सुरुवात करतो. त्यानंतर मात्र मुलांना सांगतो की आपल्या घरातील एका स्त्रीचे काल दिवसभराचे काम प्रथमपुरुषात, भूतकाळात, दहा वाक्यांत लिहा, आणि क्रियापदे तिची ठेवा. मुली लगेच लिहू लागतात. मुले हसतात, मग थांबतात, मग लिहितात. ‘मी उठले’ येथेच पुष्कळांचे पेन अडते. ‘मी भाकरी केली’, ‘मी भांडी घासली’ हे मात्र भराभर लिहून होते. त्यामागचे व्याकरण मी फळ्यावर लिहून दाखवितो.

दिवाळीतील त्या शेवटच्या रात्रीची एक गोष्ट राहिली. खेळ संपवून झाल्यावर भाचीने तो पुन्हा सुरुवातीपासून लावला आणि यंत्र आईच्या हातात दिले. ताईने ते दोन्ही हातांनी, आरतीचे ताट धरावे तसे धरले. अंगठा कोठे ठेवावयाचा ते भाचीने दाखविले. राजी चार पावले चालली, भिंतीवर आपटली, वळली, आणि एका देवीच्या चित्रापुढे जाऊन उभी राहिली. ताईने अंगठा काढून घेतला.

“आई, पळव की तिला,” भाची म्हणाली.

“थांबू दे जरा. बसू दे तिला घडीभर.”

“बसायचं बटन नाही गं त्यात.”

ताईने यंत्र मांडीवर ठेवले. राजी चित्रापुढे तशीच उभी होती. आम्ही तिघे इकडचे तिकडचे बोलत बसलो, आणि काही वेळाने पडदा आपोआप काळा झाला.